चारही चाके एकत्रच

दादाच्या पिकअपची चाकं गाडीच्या अंगाबाहेर होती. किती बाहेर, असं आमच्या गावात कुणालाही विचारलं तर तो चार बोटं सांगेल, कारण दादा स्वतःच बोटं लावून दाखवायचा. मूळची लोखंडी, काळी डिस्क त्यानं गाडी घेतली त्याच वर्षी काढून दिली आणि सोलापुरातून कुणाच्या तरी गाडीची उतरवलेली मॅगव्हील आणून बसवली. चकचकीत, रुंद, सहा पाकळ्यांची. त्यावर टायरही तसेच, जाड गोट्यांचे. गाडी कांदा वाहायची आणि दिसायची वरातीला निघाल्यासारखी.

मी पत्रकं काढते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं जे झालं ते त्यामुळं झालं. एक पान, एका बाजूला छापलेलं, वर जाड अक्षरात मथळा आणि खाली 'निमंत्रक' लिहून माझं नाव. लांब पल्ल्याच्या बसगाड्या आमच्या फाट्यावर थांबत नाहीत, त्यावर काढलं. उसाच्या ट्रॉल्यांना मागं लाल दिवा नसतो, त्यावर काढलं. अंगाबाहेर आलेल्या चाकांवरही काढलं. असल्या चाकाखालचा खडा बंदुकीतून सुटल्यासारखा उडतो, आणि रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्या माणसाला ही गाडी आपल्यापासून नेमकी किती लांब आहे ते कळत नाही. रस्ता काय चाकवाल्यांच्या बापाचा आहे का, असं मी त्यात सरळ विचारलं होतं. त्या पत्रकाचा गठ्ठा छापखान्यातून घरी आला तो दादाच्या पिकअपमधून. त्यानं एक काढून बघितलं.

"शाई चांगली लागलीया," म्हणाला आणि परत ठेवलं.

मी घरात पुष्कळ बोलून पाहिलं. दादाचं उत्तर ठरलेलं असायचं. "तुझ्या पत्रकानं एक तरी बस थांबली का? थांबली की चाकं काढतो."

शेवटी चाकं काढायची वेळ आली ती माझ्यामुळं नाही, दुधामुळं. फाट्यावरच्या दूध संकलन केंद्राला आमच्या बाजूच्या गावांचं दूध सकाळ-संध्याकाळ आणायला गाडी हवी होती. दादा तोवर कांदा घेऊन लांबच्या बाजारांना जायचा. गेला की कधी येईल ते मालावर आणि बाजारावर. वहिनी त्याला फोनवर 'जेवलात का' एवढंच विचारायची आणि तो दर वेळी 'जेवलो' म्हणायचा, आणि ते खोटं आहे हे तिला आवाजावरून कळायचं. दुधाची फेरी म्हणजे रोज घरी. वहिनी एकदाच बोलली, तेही भांडी घासता घासता.

"मला दुसरं काय नको. संध्याकाळी ताट वाढायचं काम पायजे."

केंद्रवाला तयार होता, पण त्याला गाडीचं आरटीओचं पासिंग झालेलं हवं होतं. दादा पासिंगला गेला तर तिथल्या साहेबानं गाडीकडं लांबूनच बघितलं आणि म्हणाला, चाकं आत घेऊन ये. त्याचं काही चुकलं नाही. कळंबला पासिंगचा पुढचा कॅम्प मंगळवारी होता. तो हुकला तर त्यानंतरचा पुढच्या महिन्यात, आणि दूध काही तोवर म्हशीच्या कासेत थांबणार नव्हतं. शेजारच्या गावातला एक टेम्पोवाला केंद्रावर रोज चहा प्यायला बसायला लागला होता. चहाला म्हणून बसत नव्हता.

फाट्यावरच्या टायरवाल्याकडं साधी लोखंडी डिस्क चार होती, टायरसकट. पण तो बदल्यात मॅगव्हील घेईना.

"ही घिऊन मी काय करू?" म्हणाला. "गणपतीपुढं आरास करू का? रोख आण, डिस्क ने."

म्हणजे मंगळवारच्या आधी चाकं विकणं आलं. शनिवारी दादा माझ्यापुढं मोबाइल धरून बसला.

"लिही. तुला खाज हायच लिहायची."

मी म्हटलं, लिहिते, पण अट माझी. ही चाकं पुन्हा कुणाच्या पिकअपला, जीपला लागणार असतील तर द्यायची नाहीत. आपल्या दारातली पीडा दुसऱ्या रस्त्यावर सोडायची आणि वर पत्रकं काढायची, हे मला जमणार नाही.

दादानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. "मग कुणाला विकू? बैलाला?"

वहिनी आतून म्हणाली, "लिहू द्या तिला तिच्या मनासारखं. तेवढ्यानं तरी चाकं हलत्यात का बघू."

मी लिहिलं. मला दुसऱ्या पद्धतीनं लिहिता येत नाही. ते असं होतं:

"जाहीर आवाहन. चारही चाके एकत्रच. सोमवारी सकाळी दहा वाजता, आपला फाटा. तडजोड नाही. ज्यांना रस्त्याची चाड आहे त्यांनीच यावे. निमंत्रक," आणि खाली माझं नाव, माझा नंबर.

चारही एकत्रच, म्हणजे दोन-दोन सुटी देणार नाही. तडजोड नाही, म्हणजे भाव फार पाडू नका. रस्त्याची चाड, म्हणजे माझी अट. मला ते स्वच्छ वाटलं. दादानं वर चाकाचा फोटो लावला आणि येरमाळ्यापासून कळंबपर्यंतच्या सगळ्या ग्रुपवर टाकलं. फोटो वेगळा गेला आणि मजकूर वेगळा. लोकांनी मजकूर पुढं पाठवला. फोटो मागंच राहिला.

रविवारी सकाळी पहिला फोन आला. कळंबकडच्या एका गावातला माणूस, आवाजावरून वयानं मोठा.

"ताई, आमच्याकडून किती जण येऊ?"

"एकटे आलात तरी चालेल. फक्त टेम्पो आणा."

"टेम्पो भरूनच आणतो की."

"भरून कशाला? रिकामा आणा."

"येताना भरून, जाताना रिकामा," तो म्हणाला. "जाताना आमाला पोलिसाची गाडीच सोडती."

गमत्या माणूस दिसतोय, असं मला वाटलं.

दुसरा फोन तरुण पोराचा. "ताई, मागण्या काय काय हायत?"

"मागणी अजून कुठं? तुमचा दुसराच फोन."

"मग आमची पीकविम्याची टाका की त्यात."

विम्याचे पैसे आले की घेणार असेल, असं मी धरलं. "विम्याचं मला माहीत नाही. रोख लागेल."

"आमालाबी रोखच पायजे," तो म्हणाला, आणि आमचं एकमत झालं.

दुपारी गोपनीय शाखेच्या हवालदारांचा फोन. ते मला ओळखतात. माझ्या प्रत्येक पत्रकाची एक प्रत ते घरी येऊन, चहा पिऊन घेऊन जातात.

"ताई, उद्या किती वेळ चालंल?"

"गिऱ्हाईक येईपर्यंत."

ते हसले. साहेबाला गिऱ्हाईक म्हणालेलं त्यांना आवडलं असावं. "साहेब यायला दुपार होईल."

"साहेबांना घ्यायचं असेल तर जरूर यावं. अट तेवढी वाचायला सांगा."

"वाचली त्यांनी. तडजोड न्हाय." त्यांनी सुस्कारा टाकला. "शांततेत तरी घ्या म्हंजे झालं."

मी म्हटलं, भांडायचं काय कारण. दादा शेजारीच होता. त्याची छाती फुगली. "बघ. पोलिसातबी मागणी हाय मॅगव्हीलला."

खरं गिऱ्हाईक म्हणावं असे दोनच फोन आले, आणि दोघांनाही चाकं पिकअपलाच लावायची होती. मी नाही म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या वेळी दादा उठून बाहेर गेला आणि ओट्यावर पाठ करून बसला. वहिनी मला म्हणाली, "उद्या इकूनच या. न्हाय इकली तर मी कुणाला काय म्हणनार न्हाय. पण इकूनच या." हे ती रागानं बोलली नाही.

सोमवारी आम्ही लवकर निघालो. टायरवाल्याच्या दुकानापुढं पिकअप विटांवर चढवली, चारही चाकं उतरवली, ओल्या फडक्यानं पुसली आणि रस्त्याच्या कडेला ओळीनं मांडली. दसरा होऊन गेला होता तरी ऊन कमी नव्हतं. चाकं चकाकत होती. चाकं काढलेली गाडी मात्र गुडघे टेकून बसल्यासारखी वाटत होती.

मग माणसं यायला लागली.

आधी टेम्पो आला, भरून. त्यातून उतरलेल्या बाया फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन लिंबाखाली बसल्या. मग मोटारसायकली. मग दोन वेगवेगळ्या रंगांचे झेंडे घेतलेले दोन वेगवेगळे घोळके, एकमेकांकडं न बघता. एका वस्तीवरचे धनगर आले, त्यांच्या रानात विजेचा खांब पडलेला होता आणि कुणी उभा करत नव्हतं. मागून टायर लावलेल्या दोन बैलगाड्या आल्या आणि रस्त्याला लागून उभ्या राहिल्या. एक म्हातारी कापडी पिशवी घेऊन आली, तिला बार्शीला लेकीकडं जायचं होतं, आणि फाट्यावर बस थांबत नव्हती म्हणून ती आधी यात सामील झाली होती.

दादा आनंदानं घाबरला होता. "एवढी गिऱ्हाइकं? लिलाव करावा लागतोय की."

तेवढ्यात एक गडी चाकांपाशी आला. त्यानं एका टायरला पायानं दाबून बघितलं.

"ताई, चारच आणली व्हय?"

"चारच असतात."

"भागंल म्हना. पर गेल्या बारीला आमी ट्रॅक्टरचं मागचं टाकलं व्हतं. दिवस मावळंस्तोर जळालं." त्यानं इकडंतिकडं बघितलं. "रॉकेल कोन आनतंय?"

दादा जाऊन एका चाकावर बसला आणि दुसऱ्यावर त्यानं पाय ठेवले. त्यानंतर बराच वेळ तो तिथून उठला नाही.

हवालदार आले, बरोबर दोन शिपाई. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"ताई, चक्काजाम करताना परवानगीचा एक अर्ज तरी देत जावा. आमाला वर उत्तर द्यावं लागतं."

"कसला चक्काजाम?"

त्यांनी मोबाइल काढून माझ्यापुढं धरला. मजकूर माझाच. जाहीर आवाहन. चारही चाके एकत्रच. आपला फाटा. तडजोड नाही. रस्त्याची चाड. निमंत्रक. मी तो एकदा त्यांच्या डोळ्यांनी वाचला आणि मग मला तो दुसऱ्या कुठल्या डोळ्यांनी वाचताच येईना. 'विकणे आहे' हे दोन शब्द मी कुठंही घातले नव्हते. मला ते घालायची सवयच नाही. मी आजवर काही विकलेलं नव्हतं.

"हे चाकं विकायचं आवाहन आहे," मी म्हटलं.

"इकायचं?"

"ही. तो बसलाय ना माझा भाऊ, त्याच्याखालची."

हवालदारांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "म्हंजे काल तुमी जे गिऱ्हाईक म्हणालात ते..."

"गिऱ्हाईकच."

"आनि मी साहेबाला सांगितलं की ताई आपल्याला गिऱ्हाईक म्हणती." त्यांनी मोबाइल खिशात टाकला. "साहेबाला राग आलाय. खरा."

इथं मला हसू यायला हवं होतं, पण मला राग आला. मी बसगाड्यांसाठी आजवर याच फाट्यावर उभी राहिले तेव्हा माझ्याबरोबर घरची माणसं धरून जेवढी असत, तेवढी त्या एका टेम्पोतच होती. मी तेव्हा मागण्या लिहिल्या होत्या, कारणं लिहिली होती, कायदा लिहिला होता. कुणी आलं नाही. आता काहीच लिहिलं नाही तर सगळे आले. आंदोलन कशासाठी, असं कुणी विचारत नव्हतं. बसायचं कुठं, एवढंच विचारत होते. प्रत्येकाचं कारण त्याच्या घरून तयार होऊन आलं होतं. माझ्या पत्रकात जेवढी जागा रिकामी तेवढी त्यांना हवी होती, आणि मी दर वेळी पान गच्च भरत आले.

बार्शीची म्हातारी जवळ आली. "बाई, बसायचं का न्हाय? ऊन व्हायलंय."

'बसा' एवढंच म्हणायचं होतं. महामार्ग दोन्हीकडून थांबला असता. मला हवी होती तशी बस थांबली असती, एक नाही, सगळ्याच. मी म्हणणारही होते. हवालदारांनी माझ्या तोंडाकडं बघून ओळखलं.

"बसायचं तर बसा," ते हळू म्हणाले. "पर बसलात की ही चाकं आन् ती गाडी मुद्देमालात जमा. मग कोर्टातून सोडवत बसा."

मी दादाकडं बघितलं. त्यानं ऐकलं होतं. त्यानं फक्त एका चाकावरची धूळ तळहातानं पुसली, जी मघाशीच पुसलेली होती. मंगळवार उद्यावर होता. टेम्पोवाला केंद्रावर चहा पीत असणार, आणि वहिनीनं सकाळी आम्हाला दोन डबे बांधून दिले होते, दुपारचा आणि उशीर झालाच तर म्हणून जपून ठेवायचा.

मी टायरवाल्याच्या पायरीवर चढले.

"हे आंदोलन नाही," मी म्हटलं. "ही चाकं विकायची आहेत. लिहिण्यात राहून गेलं."

आधी कुणाला ऐकूच आलं नाही असं वाटलं. मग लिंबाखालून एक बाई खुदकन हसली, आणि ते हसू टेम्पोपर्यंत गेलं.

टेम्पोतला म्हातारा, रविवारचा पहिला फोन त्याचाच, उभा राहिला. "ताई, भाषन तरी करा थोडं. टेम्पोचं भाडं वाया जायलंय."

झेंडेवाल्यांपैकी एकजण मोठ्यानं म्हणाला, "मॅनेज झाली. हवालदार बाजूला घिऊन गेला तवाच म्या वळखलं."

हा शब्द मी स्वतः कितीदा वापरलाय. दुसऱ्याबद्दल तो सोपा असतो. मी म्हटलं, "मॅनेज झाले असते तर चाकं उन्हात घेऊन बसले नसते. माझ्या भावाला दुधाची फेरी मिळायचीय. ही विकली नाहीत तर मिळणार नाही. तुमच्या मागण्यांसाठी बसायचं असेल तर तुम्ही बसा, मी चाकं विकून येते आणि बसते."

लोक उठेनात, बसेनात. मग बैलगाडीपाशी उभी असलेली एक बाई पुढं आली. चाळिशीची असावी, डोक्यावरून घट्ट पदर. मागं तिचा नवरा, त्याच्या मागं दीर. दोन गाड्या त्यांच्या. हंगाम सुरू झाला की ते ढोकीच्या बाजूला ऊस वाहायचे, थोडा स्वतःचा, बाकी दुसऱ्यांचा. चक्काजामला गाड्या आडव्या लावायला त्या आणल्या होत्या. गाड्यांचे टायर इतके झिजलेले होते की आतला दोरा दिसत होता.

बाई चाकाभोवती फिरली. दादाला म्हणाली, "उठा की भाऊ. तुमच्यासकट न्यायची न्हाईत आमाला."

दादा उठला.

"बैलगाडीला बसतील ही?" मी टायरवाल्याला विचारलं.

"आसावरचं हब बदलावं लागंल. भंगारात घावतंय. वेल्डिंग मारलं की बसली."

नवरा म्हणाला, "लई चमकत्यात. बैल बुजंल."

"बैल म्होरं बघून चालतोय," बाई म्हणाली. "मागं बघून चालायची खोड तुमाला."

लिंबाखालच्या बाया पुन्हा हसल्या. नवऱ्यानं मिशीवरून हात फिरवला आणि चाकाकडं बघायला लागला.

मी अट सांगितली. रस्त्यावरच्या गाडीला लावायची नाहीत.

"आन् आमची गाडी काय आभाळातून जाती?" ती म्हणाली. "आमी कडंनंच चालतो. ह्येंचीच पिकअप मदूनच येती. गेल्या साली ढोकीच्या वाटंला असल्याच चाकाचा खडा आमच्या बैलाच्या डोळ्यापाशी बसला."

दादा दुसरीकडं बघायला लागला. ती पिकअप त्याचीच होती असं नाही. त्याची नव्हती असंही नाही.

मी अट बदलली. गाडीच्या मागं लाल चकाकणारी पट्टी लावायची, दोन्ही गाड्यांना, हंगाम सुरू व्हायच्या आधी. तडजोड नाही म्हणणारी मी, अट बदलून मोकळी झाले.

"पट्टी कोन दील?"

"मी देते."

"मग लावू." तिनं पदर पुढं ओढला. "निमंत्रक कोन? तूच ना? दे हात."

मला आधी कळलं नाही. जनावरांच्या बाजारात व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करतात, ते मी बघितलेलं होतं. त्याच्याविरुद्ध एक पत्रकही काढलं होतं, भाव उघड बोला म्हणून. आता तिनं माझा हात आपल्या पदराखाली ओढला आणि बोटं धरली. तिचा तळवा उसाच्या पाचटानं चिरलेला, खरखरीत. तिनं बोटं दाबली. मी नाही म्हणून मान हलवली.

"मान हलवू नगं," ती म्हणाली. "हितं मान चालत न्हाय. समद्यांना दिसती."

तिनं एक बोट वाढवलं. मी आणखी एक धरलं. तिनं अर्धं सोडलं. सगळा फाटा आमच्याकडं बघत होता, हवालदारसुद्धा, आणि कुणालाच काही कळत नव्हतं. माझ्या आयुष्यातला हा पहिला व्यवहार, आणि तो मी पदराखाली केला. भाव मी अजून कुणाला सांगितलेला नाही. दादालाही नोटा हातात पडल्यावरच कळला, आणि तो पुरला.

चाकं गाड्यांत चढवायला माणसं कमी पडली नाहीत. भाकरी घेऊन आलेली, झेंडे घेऊन आलेली, सगळीच लागली. चाक जड, गाडी उंच, आणि बैल खरंच बुजले. एक गाडी वळून रस्त्यावर आडवी गेली, दुसरी तिला सरळ करायला म्हणून तिच्यापुढं. धाराशिवकडून एक लांब पल्ल्याची बस आली आणि थांबली. तिला थांबावंच लागलं. म्हातारीनं पिशवी उचलली, बसच्या दारावर थापा मारल्या, दार उघडलं, आणि ती चढली. चढताना वळून म्हणाली, "बगा, लागलं का सार्थकी?"

तिच्यामागं आणखी तिघं चढले. टेम्पोतला म्हाताराही सोनारीच्या देवाला जाऊन यावं म्हणून चढणार होता, पण बस तिकडं जात नाही म्हटल्यावर मागं फिरला.

गाड्या सरळ झाल्या, बस गेली. हवालदारांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी विचारलं.

"शांततेत पार पडला," त्यांनी वाचून दाखवलं.

"काय पार पडला?"

"त्ये म्या लिहिलं न्हाय," ते म्हणाले.

टायरवाल्यानं दुपारपर्यंत लोखंडी डिस्क बसवली. मंगळवारी कळंबच्या कॅम्पात गाडी पास झाली आणि बुधवारपासून दूध आलं. टेम्पोवाला अजून केंद्रावर चहा पितो. त्याला चहाची सवय लागली असावी.

मी बसगाड्यांसाठी पुन्हा एकदा तारीख जाहीर केली. या वेळी सगळं नीट लिहिलं. कोण, कुठं, कधी, कशासाठी, कुठल्या नियमाखाली. नऊ जण आले, त्यातले दोघं चाकं आहेत का विचारायला. हवालदार आले आणि प्रत घेऊन गेले. म्हातारी आली नाही. ती बार्शीलाच असेल, परत यायला बस मिळाली नसेल.

पट्ट्या मी नेऊन दिल्या. त्या बाईनं माझ्यासमोर लावून घेतल्या आणि जरा वाकड्या आहेत म्हणून मलाच परत लावायला लावल्या.

हंगाम सुरू झाल्यावर एका संध्याकाळी दादा जेवत होता. आता तो रोज संध्याकाळी जेवतो. अंगाला दुधाचा वास येतो आणि वहिनी त्यावर रोज बोलते. तो ताटाकडं बघत म्हणाला, "आज ढोकीच्या रस्त्याला दिसली."

"कोण?" मी विचारलं.

"चाकं. मागं तुझी लाल पट्टी, वर ऊस, खाली माझी मॅगव्हील. चिखलानं भरल्यात, पर फिरत्यात एकदम सरळ. म्या मागंच ऱ्हायलो. वलांडून न्हाय गेलो."

वहिनीनं तव्यावरची भाकरी उलटली. "आन् केंद्रवाल्याचा फोन आला, दूध कुठं आडकलंय म्हणून, त्ये ह्याच्यापायी व्हय?"

दादानं ताट पुढं सरकवलं. वहिनीनं भाकरी त्यात टाकली आणि त्याच्या शेजारीच बसून राहिली.